टेक्सासला डुकरं मारायला जाताय? खुशाल जा, पण शेतकऱ्याचं नाव पुढे करू नका

मक्याचं_कणीस
न्यू जर्सीच्या मराठी ग्रुपात परवा एक पोस्ट पडली. एक गृहस्थ थँक्सगिव्हिंगला टेक्सासात साडूकडे निघालेत. सॅन अँटोनियो, ऑस्टिन, आणि मधल्या एका रात्री रानडुकराची शिकार. बंदूक, थर्मल दुर्बीण, जेवण सगळं रँचवालाच देणार. इथवर माझं काही म्हणणं नाही. पण शेवटी लिहिलंय, "ही शिकार नव्हे, शेतकऱ्यांची आणि पर्यावरणाची सेवा आहे, वरणभातवाल्यांनी गळे काढू नयेत." त्यावर बदामांचा पाऊस. मी उत्तर दिलं तर ॲडमिनने उडवलं. म्हणून इथे.

मी वरणभातवाली नाही, आणि उपद्रव किती आहे हे मला सांगू नका, मी टेक्सासातच राहते. एका रात्रीत कुरण नांगरल्यासारखं उकरून ठेवतात. पण ही डुकरं इथली नाहीत. 1539 मध्ये स्पॅनिश सरदार दे सोतोने फ्लोरिडात पाळीव डुकरं उतरवली, त्यातली सुटून रानटी झाली. मग 1930 च्या दशकात टेक्सासात हौशी शिकाऱ्यांनी युरोपातली रानडुकरं मुद्दाम आणून सोडली. दोन्हींचा संकर आज सगळीकडे आहे. म्हणजे शिकारीच्या हौसेने जे वाढवलं, ते शिकारीची हौस निस्तरणार?

टेनेसीने हा प्रयोग करून पाहिलाय. 1999 मध्ये राज्यभर शिकार खुली केली, किती मारायची याची मर्यादा काढली. आधी मोजक्या कौंटींत असलेली डुकरं 2011 पर्यंत 95 पैकी जवळपास 80 कौंटींत जाऊन पोचली. शिकार मिळावी म्हणून लोकांनीच ती ट्रेलरमध्ये घालून आपापल्या भागात नेऊन सोडली. शेवटी राज्याने त्यांना शिकारीच्या प्राण्यांच्या यादीतून काढलं. कॅन्ससने तर 2006 लाच हौशी शिकार बंद केली.

आणि पॅकेजवाल्या रँचवर जाऊन बघा एकदा. तिपाईवर पिंप, खाली टायमरवर फिरणारी चकती, ठरल्या वेळी फर्रकन मका उडतो. ज्याला डुक्कर नकोच आहे तो त्याला रोज वेळेवर जेवायला घालेल का?

ह्यूस्टनचा_हौशी
ताई, टेनेसी म्हणजे टेक्सास नाही. इथली 95 टक्के जमीन खाजगी आहे. सरकार कुणाच्या कुंपणात शिरून डुकरं पकडणार? मी ज्या म्हाताऱ्याकडे जातो तो माझ्याकडून एक पैसा घेत नाही, उलट त्याची बायको पाय करून ठेवते. (पेकान पाय. गैरसमज नको.) त्याचं ज्वारीचं रान मी बघितलंय. पेरलेल्या ओळी धरून दाणा दाणा उकरत जातात, जणू कुणी पट्टी लावून दिलीय. संख्या आटोक्यात ठेवायची तर दरवर्षी सुमारे दोन तृतीयांश डुकरं कमी व्हायला हवीत असं इथले तज्ज्ञच सांगतात. मग माझ्या गोळीने एक गेलं तर तुमचं काय गेलं?

2017 मध्ये विषाचं आमिष आणायचं चाललं होतं, आठवतंय का? वॉरफॅरिन (उंदीर मारायचं औषध) घातलेलं. खाल्लेल्या डुकराची चरबी निळी होते. ते चाललं असतं का तुम्हाला?

मक्याचं_कणीस
चांगलं आठवतंय. विरोधात सगळ्यात पुढे कोण होतं तेही आठवतंय. डुकरांचे शिकारी! तीच डुकरं जी आधी सेवा म्हणून मारायची होती.

दोन तृतीयांशाचा हिशेब तुम्हीच काढलात, बरं झालं. मादी सहा-आठ महिन्यांत वयात येते, एका वेताला सरासरी चार ते सहा पिल्लं. तुम्ही एक पाडता, बाकीचा कळप उधळून शेजारच्या रानात जातो. आमच्या शेजाऱ्याने गोल जाळीचा मोठा पिंजरा लावलाय. बरेच दिवस दार उघडं ठेवून सवय लावतो, रात्री फोनवर कॅमेरा बघत बसतो, आणि शेवटचं पिल्लू आत आल्याशिवाय दार पाडत नाही. एक जरी बाहेर राहिलं तर ते पुन्हा पिंजऱ्याजवळ फिरकत नाही म्हणतो. हे काम आहे. जॅकेट घालून फोटो काढणं नव्हे.

ह्यूस्टनचा_हौशी
शिकाऱ्यांचा विरोध मांसात विष जाईल म्हणून होता. कुत्री, रॅकून, सगळ्यांना धोका होता. अर्धं सांगू नका. आणि फोटो मी काढत नाही, रस्सा करतो. हातमोजे घालून सोलतो कारण ब्रुसेलोसिसचा (डुकरापासून माणसाला होणारा आजार) धोका असतो, आणि 160 फॅरनहाइटच्या वर शिजवल्याशिवाय कुणाला वाढत नाही. त्या पोस्टवाल्यांना हे कुणी सांगितलं का? सगळे तत्त्वज्ञान पाजळतायत.

रांगेतला_शिपाई
तुम्ही दोघं भांडा, माझा प्रश्न वेगळा. ते गृहस्थ कुठल्या व्हिसावर आहेत?

हसू नका. एच-वन बी असेल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला बंदी आहे. विकत घेणं सोडा, रँचवाल्याची हातात घेतली तरी बाळगणंच. यातून सुटायची जी वाट बहुतेकांच्या कामाची आहे ती म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. आता गंमत बघा. 1 सप्टेंबर 2019 पासून टेक्सासने खाजगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, रानडुकरासाठी परवान्याची अटच काढली. त्यामुळे रँचवाला खुशाल सांगतो "नो लायसन्स नीडेड". सिटिझनला ते बरोबर. ग्रीन कार्डवाल्यालाही चालेल. आपला माणूस तेवढ्यावर विसंबून ट्रिगर ओढतो आणि फेडरल गुन्हा करून बसतो. त्या रँचवाल्याला याचा पत्ताही नसतो.

परराज्यातल्यांसाठी पाच दिवसांचा परवाना मिळतो, पन्नासेक डॉलरात काम होतं. 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्म असेल तर हंटर एज्युकेशन (शिकाऱ्यांचा कोर्स) लागतं. ते नसेल तर 10 डॉलर भरून एकदाच सवलत मिळते, पण मग सोबत परवानाधारक हवा. साडू शाकाहारी असेल तर बोंबला.

एवढं मला तोंडपाठ का? कारण वर्षानुवर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहून दुसरं करणार काय. टॅक्स भरा, घर घ्या, पोरं इथे जन्माला घाला, आणि डुक्कर मारायलाही कागद दाखवा. ज्यांना...

चिमणराव_नाही
झालं. धाग्याचं इमिग्रेशन झालं.

रांगेतला_शिपाई
तुमचं कार्ड आलेलं दिसतंय.

सड्यावरचो
वाचून करमणूक झाली. तिकडे पैसे देऊन डुक्कर मारतात, इकडे आम्ही मारलं तर आत जाऊ.

सिंधुदुर्गातला आहे. भात पोटरीत आलं की माळ्यावर रात्र काढायची, डबे वाजवायचे, फटाके लावायचे. रताळी, सुरण तर आता कोण लावतच नाही. माझ्या काकाने नारळाची रोपं लावली, एका रात्रीत मुळासकट उपटून आतला कोंब खाऊन गेली. काका सकाळी नुसता बांधावर बसून होता, चहा पण नाही घेतला. घरात शेतसंरक्षण परवान्याची बंदूक आहे, आजोबांपासूनची. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा, कायम काहीतरी लागलेलंच. डुकराला आचारसंहिता नाही.

पुणेरी_पक्षीमित्र
तुमचं नुकसान खरं आहे, पण टेक्सासशी तुलना चूक. तिथलं डुक्कर बाहेरून आणलेलं आहे. आपलं रानडुक्कर इथलंच. वाघ-बिबट्याचं भक्ष्य आहे ते. 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्याला संरक्षण आहे, आणि तरीही पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याच्या परवानगीने मारता येतं. जंगलं तोडून काजू आणि रबर लावलात, मग डुक्कर जाणार कुठे?

सड्यावरचो
म्हणजे डुकराचा पासपोर्ट बघून भात राखू काय? माका सांगा, खाल्लेला भात कोण भरून देतलो?

परवानगी म्हणे. अर्ज, सातबारा, पंचनामा, साहेब दौऱ्यावर. तोवर कापणी होते. मारलं तर मेलेलं डुक्कर सरकारजमा, आमच्या वाट्याला पंचनाम्यावरची सही. आणि काजू आम्ही खायला नाही लावले, तुमच्या दिवाळीच्या डब्यासाठी लावले.

जागलीवाला_यवतमाळ
भाऊ, तुमच्याकडं डुक्कर एकटं हाय. आमच्याकडं डुक्कर आन् रोही (नीलगाय) दोन्ही. हरभरा घाट्यावर आला का रात्रभर जागल. झटका मशीन (विजेचा झटका देणारं तारेचं कुंपण) लावलं, डुकरानं खालून माती उकरून रस्ता केला. 2016 मध्ये बिहारातली रोही मारली म्हणून मेनका गांधी आन् जावडेकर, तवाचे दोन केंद्रीय मंत्री, दिल्लीत भांडले, टीव्हीवर पाहिलं आम्ही. दोघायपैकी जागलीला कोणी गेलं होतं का?

पुणेरी_पक्षीमित्र
झटका मशीनची तार किती उंचीवर लावली होती? खालची तार जमिनीपासून वीतभर हवी, आणि गवत काढत राहावं लागतं. आणि फासकी, गावठी बॉम्ब यावर कोणी बोलत नाही. कोकणात डुकराच्या फासकीत बिबटे अडकतात. हाल हाल होऊन मरतात. मी स्वतः तारेत कंबर कापलेला बिबट्या पाहिलाय. तेव्हा मला जागलीचं शिकवू नका.

जागलीवाला_यवतमाळ
वीतभरच होती. गवत काढाले मजूर तुम्ही पाठवा पुण्याहून.

सड्यावरचो
फासकीचं समर्थन मी करत नाही. लावणारे आमच्याच गावात आहेत, नावं सगळ्यांना माहीत आहेत. पण कायद्याने बंदुकीची वाट बंद केली की माणूस तारेकडे वळतो. केरळने 2022 मध्ये पंचायत अध्यक्षाला परवानगीचा अधिकार दिला. आमच्या सरपंचाला का नको?

पुणेरी_पक्षीमित्र
कारण तुमचा सरपंच पहिली परवानगी स्वतःच्याच शिकारीला देईल.

सड्यावरचो
देईल. तो नेम चांगला धरतो. पण मुद्दा तो नाही.

मक्याचं_कणीस
अहो, मूळ विषय टेक्सास होता. आणि खरं सांगायचं तर तुम्ही दोघांनी माझंच म्हणणं पटवून दिलंत. ज्याचं पीक जातं तो रात्र जागतो. तो सुट्टीत विमानाचं तिकीट काढून सेवा करायला येत नाही.

साडूकडचा_पाहुणा
मीच तो पोस्टवाला. कोणीतरी लिंक पाठवली. पोस्ट घाईत लिहिली होती, एवढं कीर्तन होईल असं वाटलं नव्हतं. रांगेतले शिपाई, तुमचे आभार. मी एच-वन बी वर आहे, आणि रँचवाल्याने अगदी तुम्ही लिहिलंय तेच सांगितलं होतं. परवाना काढतो. बाकी मक्याच्या ताई, बायको म्हणते तुमचा मुद्दा बरोबर आहे. मी म्हणत नाही. बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत.

रांगेतला_शिपाई
परवान्याचा कागद खिशात ठेवा, फोनची बॅटरी संपते. आणि साडूला परवाना आहे का ते आधी विचारा.

साडूकडचा_पाहुणा
साडू माळकरी आहे.

ह्यूस्टनचा_हौशी
मी येतो तुमच्याबरोबर, परवाना आहे माझ्याकडे.

ताई, तुमच्यासाठी. काल आमच्या म्हाताऱ्याला फोन करून विचारलं, शिकार-बिकार सोड, तुझ्या शेजारी पॅकेजवाला रँच आहे तो पिंजरा का लावत नाही? हसला. म्हणाला, त्याने सगळी पकडली तर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक कशाला येईल. आणि त्याच्या मक्यावर पोसलेली माझी ज्वारी खातात. घ्या, मिळालं तुम्हाला हवं ते. माझा म्हातारा मात्र त्यातला नाही, आणि मी त्याच्याकडे जाणारच आहे.

मक्याचं_कणीस
जा की. फुकट जाता, पाय खाता, रस्सा करता. सेवा म्हणत नाही तोवर माझं काही म्हणणं नाही. पहिल्या पोस्टपासून हेच लिहितेय.

सड्यावरचो
त्या मका घालणाऱ्या रँचवाल्याचा पत्ता द्या कोणीतरी. आमची सगळी डुकरं पाठवतो. भाडं तो देईल ना?