दृग्दृश्यविवेक: साक्षी शोधताना हाती पोकळीच का लागते?

पैलतीर:
‘दृग्दृश्यविवेक’ या वेदान्तग्रंथाचा ‘रूपं दृश्यं लोचनं दृक्’ हा पहिला श्लोक घेऊन बसलं की रूप दृश्य (पाहिलं जाणारं), डोळा द्रष्टा (पाहणारा). मग डोळा दृश्य, मन द्रष्टा, इथवर सरळ जातं. पण पुढे मनाच्या वृत्तीही (मनात उठणारे विचार-भावही) बाजूला सारल्या की काळोखी पोकळी उरते, नाहीतर डुलकी लागते. हाच साक्षी, म्हणजे सगळं जाणणारा शेवटचा द्रष्टा, समजायचा का?

सांजवात:
नाही. पोकळी आहे हे कळलं ना? मग तीही दृश्यच. त्याच श्लोकाचा शेवट ‘साक्षी दृगेव न तु दृश्यते’ असा आहे, म्हणजे साक्षी द्रष्टाच, तो कधी दृश्य होत नाही. बृहदारण्यक उपनिषदही (३.४.२) तेच बजावतं: दृष्टीच्या द्रष्ट्याला तू पाहू शकणार नाहीस.

मूळ चूक वृत्ती ‘बाजूला सारण्यात’ आहे. विवेक म्हणजे निराळं ओळखणं, हाकलणं नव्हे. एकच वृत्ती घ्या, समजा राग. तो आला, टिकला, ओसरला. हे तिन्ही ज्या जाणिवेत कळलं, ती बदलली का? एवढंच पाहा. आणि जपा: ‘मी शांतपणे पाहतोय’ म्हणणारा ‘मी’ हा अहंकार, म्हणजे वृत्तीच. बहुतेक जण त्यालाच साक्षी धरून बसतात.

ओवीकर:
डुलकीला ‘लय’ म्हणतात. मांडूक्य उपनिषदावरच्या गौडपादकारिकेत (३.४४-४५) उपाय आहे: लयात चित्ताला जागं करा, विक्षिप्त झालं, म्हणजे भरकटलं, तर शमवा, वासनेने ताठरलं असेल तर ते ओळखा, सम झालं की हलवू नका. व्यवहारात सांगायचं तर डोळे उघडा, पाठ ताठ करा, श्लोकाचा अर्थ पुन्हा मनात मांडा. पोकळीत बरं वाटतं म्हणून रेंगाळणं हा रसास्वाद. तो लयापेक्षा फसवा, कारण त्याला समाधी समजून माणूस विचारच थांबवतो.

तुळशीकट्टा:
निराळं करणं हा निम्माच प्रवास. तिथेच थांबलात तर द्रष्टा आणि दृश्य असं द्वैत उरेल, ते सांख्यांचं झालं, म्हणजे पुरुष आणि प्रकृती वेगळे मानणाऱ्या दर्शनाचं. म्हणून विसावा श्लोक घ्या: अस्ति (असणं), भाति (प्रकाशणं), प्रिय (प्रिय असणं), नाम, रूप. पहिली तीन ब्रह्माची, उरलेली दोन जगाची. घागर फुटली की नाव-रूप गेलं, ‘आहे’पण खापरीतही तसंच. हे उघड्या डोळ्यांनी, समोरच्या वस्तूवर करायचं. अमृतानुभवातलं अज्ञानखंडन मात्र यानंतरच वाचा. तिथे ज्ञानेश्वर अज्ञान नावाची वस्तूच शिल्लक ठेवत नाहीत.

पैलतीर:
मग पोकळी आली की ‘हे कोणाला कळतंय?’ असं विचारायचं?

सांजवात:
‘कोणाला’ म्हटलं की मन आणखी एक कोणीतरी शोधू लागतं. ‘हेही कळतंय’ एवढंच पुरे.