मदत हवी आहे: दुरुस्तीनंतर क्रूझ कंट्रोल नीट चालतंय हे कसं तपासू?

नमस्कार मंडळी. ब्रेक पेडलचा स्विच खराब झाल्याने क्रूझ (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता सेट केलेला वेग धरून ठेवणारी सोय) लागतच नव्हतं. स्विच बदलून गाडी गॅरेजमधून आली, मेकॅनिक म्हणतो काम झालं. पण अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये त्याने तरी ते कुठे चालवून बघितलं असणार? बहुतेक गाड्यांत ताशी 30-40 किमीच्या खाली क्रूझ लागतच नाही.

रविवारी सकाळी लवकर अटल सेतूवर न्यायचा विचार आहे. जवळपास 22 किमी, मध्ये सिग्नल नाही, कारला 100 ची मर्यादा. 80 वर सेट करून बघेन. वेग धरण्यापेक्षा मला काळजी ते सुटण्याची आहे. ब्रेकला पाय लागताच क्रूझ बंद झालंच पाहिजे, आणि गाडी मॅन्युअल असल्याने क्लच दाबल्यावरही. आई-बाबांना घेऊन कोकणात जायचंय, त्याआधी खात्री हवीच.

त्यापूर्वी उभ्या गाडीत काय तपासता येईल? मागचे ब्रेक लाइट लागतात, एवढ्यावरून स्विच ठीक समजावा का? बऱ्याच गाड्यांत त्यात दोन वेगळी सर्किटं असतात ना? दादर ते ठाणे पट्ट्यात स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून दोन्ही सिग्नल दाखवणारं कोणी माहीत असेल तर कृपया सांगा.