खोबरेल तेलाचा साबण कापताना तुटतो : मदत हवी आहे

थंड पद्धतीने (मिश्रण न शिजवता) साबण करताना मी ५०० ग्रॅम खोबरेल तेल, ८७ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि १७५ ग्रॅम पाणी घेते, म्हणजे सुमारे ५ टक्के तेल साबणात न बदलता मुद्दाम शिल्लक राहते. वजने डिजिटल काट्यावर केलेली असूनही २४ तासांनी वड्या कापताना कडांचा भुगा होतो. हेच मिश्रण डबल बॉयलरवर (गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरे भांडे ठेवून) शिजवून पाहिले, तेव्हा वड्या तुटल्या नाहीत, परंतु पृष्ठभाग फारच खडबडीत आला. तयार बेस (वितळवून साच्यात ओतायचा विकतचा साबण) आणि पामतेल वापरायचे नाही; थोडे एरंडेल चालेल, त्यानुसार सोडा पुन्हा मोजेन. निव्वळ खोबरेलाचा साबण लवकर कडक होतो हे ठाऊक आहे. तर तो साच्यात ओतल्यावर किती तासांनी कापावा, आणि दोष उशिराचा नसून जास्तीच्या सोड्याचा असल्यास ते घरी कसे ओळखावे?