शास्तीकर माफ झाला, मग नियमानं बांधणाऱ्यांनी काय घोडं मारलं होतं?

मोशीकर
पिंपरी-चिंचवडचा शास्तीकर मार्च 2023 मध्ये माफ झाला. सगळे त्याला दिलासा म्हणतात, मला पटत नाही. अनधिकृत बांधकामावर दरवर्षी घरपट्टीच्या दुप्पटीपर्यंत शास्ती (दंड), असं महापालिका अधिनियमाचं कलम 267 अ सांगतं. आम्ही नकाशा मंजूर करून घेतला, विकास शुल्क भरलं, एक टक्का कामगार उपकर भरला, जोत्याची तपासणी करून घेतली, भोगवटा दाखल्यासाठी, म्हणजे राहायच्या परवानगीसाठी, खेटे घातले. शेजाऱ्यानं यातलं काही न करता चार मजले चढवले आणि थकबाकी डोक्यावर घेऊन शांत बसला. पाटी कोरी झाली ती त्याची! उद्या मंजुरीला कोण जाईल?

काळेवाडीचा
पाटी कोरी वगैरे काही नाही. शास्ती माफ म्हणजे बांधकाम नियमित नव्हे, हे त्याच निर्णयात लिहिलंय. शिवाय आधी मूळ घरपट्टी भरा, मगच माफी. आम्ही एक-दीड गुंठा घेतला तेव्हा नकाशा मंजूर होणार कसा? काही जागा पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाच्या संपादनात, काही रेडझोनमध्ये (लष्करी कोठाराभोवतीच्या बांधकामबंदीच्या पट्ट्यात), उरलेल्यांच्या सातबाऱ्यावर ढीगभर नावं. कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणूनच 1972 मध्ये प्राधिकरण काढलं होतं ना? ती पुरेशी बांधली असती तर गुंठ्यात पैसे घालायची हौस कुणाला होती! शास्ती इतकी फुगली की लोक साधी घरपट्टीही भरेनात.

मोशीकर
आणि चिखलीचं काय? इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले, म्हणजे बांधकामाला बंदी असलेल्या नदीकाठच्या पट्ट्यातले, 36 बंगले मे 2025 मध्ये हरित लवादाच्या आदेशावरून पाडले. तिथल्यांनीही पैसे मोजूनच जागा घेतली होती. कुणी हरित लवादात गेलं तर बुलडोझर, नाही गेलं तर माफी?

काळेवाडीचा
पूररेषेतलं आणि मंजुरीविना बांधलेलं एका मापानं मोजू नका.

निवृत्त_ओव्हरसियर
तुम्ही दोघं घर घेणाऱ्यावरूनच भांडताय. पालिकेच्या हातात बिल्डर असतो तो सुरुवातीला. प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करायची परवानगी) हवं तर पैसे भर, जोतं तपासून घे, मग वर चढ. जो मुळात दारातच येत नाही त्याला पायाचा खड्डा खणतानाच गाठावं लागतं. तेव्हा बीटवाला, म्हणजे त्या भागावर नजर ठेवणारा पालिकेचा माणूस, फिरकत नाही. मग नोटीस निघते, पोलीस बंदोबस्त मिळेपर्यंत पडदे लागलेले असतात, आणि राहत्या घरावर हातोडा घालायला कुणी धजत नाही. नियम कमी नाहीत. भोगवटा दाखल्याशिवाय ताबा देऊ नये आणि घेऊही नये, असं 1963 चा मोफा (फ्लॅट विक्रीचा) कायदाच सांगतो. वीज-पाणी दाखला बघूनच द्या, बँकांनीही तो बघूनच कर्ज द्यावं, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा बजावलं. वीजजोड अडला असता तर निम्म्या इमारती भरल्याच नसत्या, असं माझं मत.

तिरकस
जानेवारी 2021 मध्ये बिल्डरांनी जादा बांधकामासाठी वगैरे भरायचं प्रीमियम निम्मं केलं, तेव्हा शिस्तीची आठवण कुणाला झाली नाही. बिल्डरला सूट दिली की बांधकाम क्षेत्राला चालना, गुंठेवाल्याला दिली की फुकटेगिरी!

मोशीकर
ती वर्षअखेरपर्यंतच होती, आणि ग्राहकाचं मुद्रांक शुल्क बिल्डरनं भरायचं अशी अट होती. तरी मुद्दा मान्य, तीही मला आवडली नव्हती.

डोंबिवलीकर
दाखला बघून घ्या म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे 65 इमारतींच्या पालिका परवानग्याच बनावट निघाल्या, आणि त्यांवर महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंद करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणीही मिळाली होती. लोकांनी तो क्रमांक बघून कर्ज काढलं. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयानं पाडायचा आदेश दिला. आता घेणाऱ्यानं आणखी काय तपासायचं होतं, ते ओव्हरसियर साहेबांनी सांगावं.

निवृत्त_ओव्हरसियर
त्याचं काहीच चुकलं नाही. नोंदणी करणाऱ्यानं पालिकेला विचारायला हवं होतं. आणि मूळ मुद्द्याचं सांगतो, 267 अ नीट वाचा. शास्ती बेकायदा बांधणाऱ्यावर आहे. वसुली मात्र घरपट्टीच्या बिलातून होते, आणि बिलावर नाव राहणाऱ्याचं.

मोशीकर
मग माफी कशाला, बांधणाऱ्याच्या नावानं बिल काढा.

काळेवाडीचा
आमच्या बिल्डरची फर्म केव्हाच बंद झाली. बिल कुठल्या पत्त्यावर पाठवणार?