सेल चालू असतानाच मटेरियल कसं बघायचं? (सॉलिड ऑक्साइड)

बटनसेल:
मंडळी, नी-वायएसझेडवरचा (निकेल + इलेक्ट्रोलाइटचं झिरकोनिया सिरॅमिक वायएसझेड) छोटा बटन सेल आहे, वर जीडीसीचा (सेरियाचा) थर आणि एलएससीएफ (स्ट्रॉन्शियम असलेला हवेकडचा इलेक्ट्रोड). ७५० डिग्रीला स्टीम इलेक्ट्रोलिसिसवर (वाफेपासून हायड्रोजन) २०० तास चालवला, तेवढ्याच करंटला व्होल्टेज हळूहळू चढत गेलं. मग थंड करून एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना), एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) सगळं केलं तर सगळं जिथल्या तिथे! सर म्हणतात ऑपरांडो रामन लाव, म्हणजे सेल चालू असतानाच लेझर मारून विखुरलेल्या प्रकाशावरून मटेरियल ओळख. फायदा होईल का?

राखाडी_पावडर:
थंड केलेला सेल म्हणजे वेगळीच वस्तू रे. उतरवताना हायड्रोजन जरा लवकर बंद केला की निकेलचं ऑक्साइड होतं, आणि मग आपण तेच डिग्रेडेशन समजून बसतो (मी बसलोय). शिवाय एलएससीएफच्या पृष्ठभागावर येणारं स्ट्रॉन्शियम काही नॅनोमीटरचं, ते साध्या एक्सआरडीला दिसणारच नाही. ते बघायचं तर सिंक्रोट्रॉनवरचं (तीव्र क्ष-किरणांचं मोठं यंत्र) अँबियंट प्रेशर एक्सपीएस, म्हणजे वायूत ठेवून क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं बघणं, पण तिथे दाब जेमतेम काही मिलिबार, म्हणजे तुझ्या हवेतल्या इलेक्ट्रोडची अवस्था तिथे मिळेलच असं नाही.

हिरवा_लेझर:
रामन करणार असशील तर ७८५ नॅनोमीटरचा लेझर विसर, ७५० डिग्रीला सॅम्पल स्वतःच लालभडक असतं, त्या उजेडात सिग्नल बुडतो, ५३२ किंवा ४०५ घे. सेरिया आणि कार्बन छान दिसतात पण धातूरूप निकेलला रामन पीकच नाही. आणि तापमान! आमच्या स्टेजवर थर्मोकपल खाली हीटरजवळ होतं, सेल प्रत्यक्षात ५० डिग्री थंड, महिनाभर चुकीच्या तापमानाचे ग्राफ काढले. वायएसझेडमध्ये तेवढ्या फरकाने ओहमिक रेझिस्टन्स (करंट वाहून नेतानाचा साधा रोध) दीडपटीच्या वर जातो, म्हणजे सेललाच थर्मामीटर म्हणून वापरता येतं. पण त्याआधी सांग, इम्पिडन्स (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला सेलचा रोध) घेतलास का?

बटनसेल:
घेतलाय की, पहिल्या तासाला आणि शेवटी. ग्राफमधले आर्क (इलेक्ट्रोडच्या क्रियांचा रोध) जवळपास तसेच आहेत, डावीकडचा इंटरसेप्ट (आर्क अक्षाला जिथे सुरू होतो तो बिंदू, ओहमिक रोध) मात्र उजवीकडे सरकलाय.

हिरवा_लेझर:
मग रामन कशाला! वाढ ओहमिक आहे. पृष्ठभागावरचं स्ट्रॉन्शियम असतं तर एअर साइडचा आर्क फुगला असता. तुझी भानगड गाडलेल्या इंटरफेसला असणार, जीडीसी-वायएसझेडमध्ये स्ट्रॉन्शियम झिरकोनेट (स्ट्रॉन्शियम आणि झिरकोनियाचं संयुग) तरी झालं असेल नाहीतर थर सुटत असेल, आणि वरून मारलेला लेझर तिथे पोचत नाही. तोच सेल कापून क्रॉस सेक्शनवर ईडीएक्स (कुठे कोणतं मूलद्रव्य आहे ते दाखवणारी तपासणी) कर.

राखाडी_पावडर:
त्याच्याही आधी करंट कलेक्टरची (इलेक्ट्रोडला टेकवून वीज नेणारी) जाळी बघ. निम्म्या वेळा तीच सुटलेली असते.

बटनसेल:
जाळी एका कोपऱ्यात उचललेली आहे 🤦 नवीन सेल लावतोय, यावेळी दर १० तासांनी इम्पिडन्स. सरांना काय सांगू ते बघतो.