सव्वा लाखाचा अँड्रॉइड फोन रोजच्या वापरात पैसे वसूल करतो का? (एस२४ अल्ट्रा)

साईटवाला_संभाजीनगर

मंडळी, सॅमसंगचा एस२४ अल्ट्रा आता माझ्या हातात चांगला मुरलाय, नव्याची नवलाई संपलीये, म्हणून आता मत लिहितो. जानेवारी २०२४ ला आला तेव्हा २५६ जीबीची किंमत १,२९,९९९ होती, मी पुढचा एस२५ आल्यावर भाव उतरला तेव्हा घेतला.

माझं काम बांधकाम साईटवर. दिवसभर उन्हात. एप्रिल-मेमध्ये इथलं ऊन काय असतं ते मराठवाड्यातल्या लोकांना सांगायला नको. आधीच्या फोनवर ड्रॉइंग बघायचं म्हणजे फोन शर्टाखाली धरायचा किंवा जिन्याच्या सावलीत जायचं. ह्या फोनची स्क्रीन उन्हात सरळ वाचता येते. सगळे २६०० निट्सचं (स्क्रीनच्या उजेडाचं माप) कौतुक करतात, पण माझ्या मते खरी करामत वरच्या काचेची आहे, गोरिला आर्मर, ती उजेड परत फेकतच नाही फारसा. कॉर्निंगचा दावा ७५ टक्क्यांपर्यंत परावर्तन कमी असा आहे, तो मोजायला माझ्याकडे काही नाही, पण भर दुपारी स्लॅबवर उभं राहून बीमचं डिटेल वाचता येतं एवढं नक्की.

दुसरं म्हणजे फोनच्या आतच बसणारं पेन. स्लॅब भरायच्या आधी सळई तपासताना पीडीएफ ड्रॉइंग उघडतो, जिथे रिंगांचं (उभ्या-आडव्या सळयांना बांधणाऱ्या कड्यांचं) अंतर जास्त झालंय किंवा कव्हर ब्लॉक (सळईखाली ठेवायचे ठोकळे) राहिलेत तिथे लाल गोल मारतो आणि तिथूनच कॉन्ट्रॅक्टरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. तोंडी सांगितलेलं "करतो साहेब" मध्ये विरून जातं, लाल गोल विरत नाही. स्क्रीन बंद असताना पेन उपसून काळ्या पडद्यावर थेट आकडे लिहिता येतात, ट्रकचा नंबर, सिमेंटच्या गोण्या, सगळं.

प्रोसेसर, रॅम ह्यावर मी काही लिहीत नाही कारण आजकाल चाळीस हजाराचा फोनसुद्धा रोजच्या कामाला कमी पडत नाही. एआयचं मात्र लिहितो. कॉल चालू असताना भाषांतर करतो म्हणून केवढी जाहिरात झाली, फोन आला तेव्हा तेरा भाषा होत्या, हिंदी होती, थाई होती, पोलिश होती, मराठी नव्हती. त्या गोष्टीचे पैसे मी शून्य धरतो.

तरी एकूण माझं मत, वसूल. तुम्ही बोला.

हिशेबी_पुणेकर

तुमचं काम वेगळं आहे दादा, पण शंभरातले पंच्याण्णव लोक साईटवर नसतात, ते ऑफिसात, गाडीत नाहीतर घरात फोन बघतात, त्यांना कसली काच आणि कसलं पेन. वनप्लस १३ जानेवारी २०२५ ला ६९,९९९ ला आला, ६००० एमएएचची बॅटरी, १०० वॅटचं चार्जिंग आणि चार्जर डब्यातच. इथे ५००० ची बॅटरी, ४५ वॅट, आणि सव्वा लाख मोजून चार्जर वेगळा विकत घ्या. ही रोजच्या वापरातली गोष्ट नाही का? सकाळी आंघोळीला जाताना फोन लावला आणि डबा भरेपर्यंत फुल झाला, हे सुख मी ह्याच्या दोनशे मेगापिक्सलच्या कॅमेऱ्यापेक्षा वरचं मानतो.

आणि सॅमसंग ह्या फोनला सात वर्षं अपडेट देणार म्हणते, त्याचं. मला सात वर्षं एकच फोन वापरणारा एक माणूस दाखवा. चाळीस हजाराचा फोन दर तीन वर्षांनी घेतला तर सात वर्षांत दोन फोन आणि वर थोडं, म्हणजे लाखाच्या आत, आणि प्रत्येक वेळी नवीन बॅटरी, नवीन वॉरंटी. माझ्या आधीच्या महागड्या फोनला (कंपनीचं नाव लिहीत नाही) वॉरंटी संपल्यावर स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आली, पडला नाही, भिजला नाही, काही नाही. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला स्क्रीन बदला, आणि स्क्रीनचा भाव त्या फोनच्या जुन्या बाजारातल्या किमतीएवढा. तेव्हापासून मी ठरवलंय, फोनमध्ये जास्त पैसे अडकवायचे नाहीत.

आईची_लेक

वजनाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. २३२ ग्रॅम! वर कव्हर. डोंबिवलीहून लोकलने रोज जाणारी कुठलीही बाई सांगेल, एका हाताने वरची कडी धरायची आणि दुसऱ्या हातात हा फोन, अंगठा अर्ध्या स्क्रीनपर्यंत पण पोचत नाही. बहिणीकडे आहे म्हणून मला माहितीये, तिची करंगळी दुखते, खरंच सांगते. आमच्या कुर्त्यांना खिसे नसतात आणि असले तरी त्यात हा मावत नाही. फ्लॅगशिप (कंपनीचा सगळ्यात वरचा फोन) म्हणजे मोठाच फोन हे कुणी ठरवलं? ह्याच मालिकेतला साधा एस२४ १६७-१६८ ग्रॅमचा आहे, त्यालाही सातच वर्षं अपडेट, रोजच्या वापराचा विचार केला तर तोच खरा फ्लॅगशिप.

साईटवाला_संभाजीनगर

@आईची_लेक ताई, वजनाचं शंभर टक्के मान्य, एस२५ अल्ट्रा २१८ ग्रॅमचा केला त्यांनी, म्हणजे त्यांनाही जाणवलंच असणार. पण त्यात पेनमधलं ब्लूटूथ काढून टाकलं, मी लांबून फोटो काढायला पेनचं बटण वापरतो, मला ते चाललं नसतं.

@हिशेबी_पुणेकर तुमच्या हिशेबात एक गोष्ट सुटतेय. तीन वर्षांनी फोन बदलताना तुम्ही नवीन घेता, पण जुन्याला तिसऱ्या वर्षी सिक्युरिटी अपडेट येत होते का ते बघितलंत का? त्यावर यूपीआय आहे, बँक आहे, डिजिलॉकर आहे. स्वस्त फोनचा हा खर्च दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही.

भिगवणचा_पक्षीवेडा

कॅमेऱ्यावर बोलतो कारण मी तेवढ्यासाठीच घेतला. उजनी धरणाच्या पाण्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला दर हिवाळ्यात जातो. आधीच्या एस२३ अल्ट्राला १०एक्स (दहापट जवळ आणणारी) लेन्स होती पण दहाच मेगापिक्सलची, ह्यात ती काढून ५एक्स दिली, ५० मेगापिक्सलची. कागदावर मागे आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ५एक्स ते १०एक्स मधले फोटो, जिथे मी जास्तीत जास्त असतो, ते सुधारलेत असं माझं मत. नाव पाण्यात हळू चाललीये, थवा उथळ पाण्यात चरतोय, तर चोचीचा काळा शेंडा आणि पंखाचा गुलाबी काठ वेगळा दिसतो. ३०एक्सच्या पुढे मात्र फोन चित्र काढायला लागतो, पिसं दिसतात पण ती त्या पक्ष्याची नसतात, ते मला अजिबात पटत नाही. पक्ष्याची नोंद करायला फोटो हवा असेल तर त्यात मशीनने भरलेलं पीस चालत नाही.

आणि २०० मेगापिक्सल रोज कुणी वापरत नाही, सोळा पिक्सल एकत्र करून १२ चाच फोटो येतो, तो चांगला येतो, संपला विषय.

दुरुस्तीवाला_लातूर

माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, त्यामुळे मला फोन दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भेटतात. दोन गोष्टी.

पहिली, ही जी काच तुम्ही वर्णन केली साईटवाले साहेब, तिच्यावर दहातले नऊ लोक दुकानातून उठायच्या आत टेम्पर्ड ग्लास चिकटवून घेतात. दोनशे रुपयाची साधी ग्लास लावली की परावर्तन परत आलं, ज्याचे पैसे दिले ते झाकलं. गिऱ्हाईकाला सांगितलं तरी ऐकत नाही, पडली तर काय म्हणतात, आणि त्यांचंही चुकत नाही कारण स्क्रीनचा खर्च त्यांना माहीत असतो. तुम्ही काय लावलंय ते सांगा.

दुसरी, अपडेट सात वर्षं येतील, बॅटरी सात वर्षं येत नाही. लिथियम बॅटरी उष्णतेने आणि कायम शंभर टक्क्यावर ठेवल्याने लवकर म्हातारी होते, आणि आपल्याकडे दोन्ही होतं, रात्रभर चार्जिंगला आणि दिवसा उन्हात डॅशबोर्डवर. सेटिंगमध्ये ८० टक्क्यावर थांबवायची सोय आहे, माझ्याकडे येणाऱ्यांपैकी क्वचित कुणी ती चालू केलेली असते. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला, ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीत ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे आणि विक्री बंद झाल्यावर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे २०२२ ला राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) सरकारी पोर्टल आलं, चांगली गोष्ट, पण लातूरच्या माणसाला ओरिजनल स्क्रीन किती दिवसांत आणि कितीला, ह्याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

साईटवाला_संभाजीनगर

ग्लास लावलेली नाही. कडा उंच असलेलं जाड कव्हर आणि अपघाती नुकसानीचा प्लॅन घेतलाय, ते पैसे मी फोनच्या किमतीतच धरतो. ह्या फोनची स्क्रीन सपाट आहे, आधीच्या अल्ट्रासारखी कडेला वळलेली नाही, त्यामुळे कव्हरची कड नीट बसते. ८० टक्क्याचं सेटिंग पहिल्यापासून चालू आहे, घरी येईपर्यंत पुरतं. आणि बॅटरी मी बदलणारच, अधिकृत ठिकाणी, पावती घेऊन. गाडीचे टायर बदलतो तेव्हा गाडी वाया गेली असं आपण म्हणत नाही.

हिशेबी_पुणेकर

टायर कितीला मिळतो ते गाडी घेतानाच माहीत असतं, आणि तो गल्लीत मिळतो. इथे तसं नाही, तोच तर माझा मुद्दा आहे. तरी एक मान्य करतो, हाच फोन २०२५ च्या सणाच्या सेलमध्ये ७५ हजारांच्या आत आला होता, त्या भावात आणि उन्हात काम करणाऱ्या माणसाला मी नको म्हणणार नाही. १,३०,००० ला पहिल्या दिवशी घेणाऱ्याला मात्र नक्की अडवीन. कंपनीने सात वर्षांच्या अपडेटसोबत सात वर्षांचा बॅटरी आणि स्क्रीनचा भाव डब्यावर छापला तर माझा विरोध संपला.

दुरुस्तीवाला_लातूर

+१. आणि ते सुटे भाग दुकानदारालाही विकत मिळू द्या.