वणव्यानंतर बियांचे गोळे : जंगल येतं की नुसते फोटो?

रानवाटा : ‘वर्षभर जमवलेल्या बिया मातीत घालून गोळे करू, पहिल्या पावसात जोतिबाच्या जळक्या उतारावर टाकू, जंगल परत आणू’ ही इथली पोस्ट वाचून टाळकं सटकलं. जांभळाचं बी दोन-तीन आठवडे वाळलं की मेलं. बहाव्याचं वर्षानुवर्षं टिकतं, पण कवच खरवडल्याशिवाय लवकर रुजत नाही. दोन्ही एकाच गोळ्यात? मी स्वतः मसाई पठाराखालच्या उतारावर 2 पोती गोळे टाकलेत. श्रावणात बघतो तर गोळ्यांना भोकं, बी उंदरांनी पळवलेलं. शेजारी ऐनाच्या झाडाच्या जळक्या बुडख्याला मात्र हातभर फुटवे!

हिरवा_मावळा : पोस्ट माझीच. मग घरात बसायचं का? तीस पोरं मोबाईल टाकून डोंगर चढतात, ते दिसत नाही.

रानवाटा : चढू देत की. पण दाजीपूरला 1958 पासून अभयारण्य आहे, ते रान गोळ्यांनी टिकलं का? राखलं म्हणून टिकलं.

पेठकर : मूळ दुखणं वेगळंच. गवत जोमानं येतं म्हणून काडी लावणारे गावचेच. तेच लोक शेतात उसाचं पाचट पण पेटवतात.

खोडवा : आलं का शेतकऱ्यावर! पेठंत बसून बोलायला काय जातंय? पाचट कुट्टी करायच्या मशीनचं भाडं तू देतोस?

पेठकर : सरीत दाब. ओल टिकते, खत होतं.

खोडवा : दाबलंय गेली चार वर्षं, मला शिकवू नको. शेजाऱ्यानं त्याचं पेटवलं, वाऱ्यानं माझं पण गेलं. बांधावरचा आजोबांनी लावलेला फणस उभा करपला. भांडायला गेलो तर म्हणतोय, ‘फणसाचे किती व्हतात, सांग.’ काय सांगू?

पेठकर : बरं, सगळे नाहीत. काही शेतकरी.

खोडवा : लई उपकार झाले.

हिरवा_मावळा : धागा बियांचा आहे हो!

रानवाटा : जांभळं यंदाची आण, खाल्ल्या खाल्ल्या बी धुऊन. गोळे नकोत, कुदळ आण. आणि वर पठारावर एक पण झाड नको, ते गवताचंच रान आहे. मग येतो मी.

हिरवा_मावळा : चला, साहेबांची परवानगी मिळाली.

खोडवा : आणि थंडीत जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायचा मोकळा पट्टा, काढायला कोण येणार? गेल्या साली आम्ही चौघंच हुतो. तवा फोटो निघत न्हाईत न्हवं.

हिरवा_मावळा : तारीख टाका. विळे किती लागतील?